गलीनाला एक दिवस: यादी न करता केलेली सहल

सायसाखर
१४ ऑक्टोबर, रात्री ९:१२

शनिवारी आम्ही चौघी मैत्रिणी इलिनॉयच्या पार वायव्य कोपऱ्यातल्या गलीना या गावी भेटलो. सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत तिथे होतो आणि एवढ्या वेळात एक रस्ता, एक नदी आणि एक टेकडी पाहून झाली. तरी गेल्या कित्येक वर्षांत इतका भरलेला दिवस मला आठवत नाही. शिकागोहून एका दिवसात कुठे जाऊन येता येईल असं इथे बऱ्याच जणांनी विचारलं होतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आम्ही चौघी सांगलीला हॉस्टेलवर चार वर्षं एकत्र होतो. आता एक मॅडिसनला, एक सीडर रॅपिड्सला, एक डॅव्हनपोर्टला आणि मी शिकागोजवळच्या शांबर्गला. तीन राज्यांत विखुरलेल्या. कुणाच्या घरी जमायचं म्हटलं की जिच्या घरी जमायचं तिचा दिवस ओट्याशी जातो, म्हणून या वेळी मधलं एखादं गाव शोधू असं ठरलं. नकाशावर बोट फिरवता फिरवता गलीना सापडलं. इलिनॉय, आयोवा आणि विस्कॉन्सिन जिथे भेटतात तिथून ते जवळच आहे. मला सगळ्यात लांब पडलं, सुमारे अडीच तास. नियम एकच होता: काय काय बघायचं याची यादी कुणी करून आणायची नाही.

रॉकफर्डपर्यंत हमरस्ता आणि पुढे वीस नंबरचा जुना रस्ता. वाटेत फ्रीपोर्ट लागतं. १८५८ साली लिंकन आणि निवडणुकीतला त्याचा प्रतिस्पर्धी डग्लस यांच्या सात जाहीर वादसभा झाल्या, त्यांतली दुसरी इथली. मी थांबले नाही, पण पाटी बघून गाडीचा वेग आपोआप कमी झाला. दोन्ही बाजूंना वाळलेला मका उभा होता, काही शेतांत कापणी चालू होती आणि धुळीचा लोट दूरवरून दिसत होता. इथवर इलिनॉय परातीसारखं सपाट असतं. स्टॉकटन ओलांडलं की जमीन वरखाली व्हायला लागते. एलिझाबेथनंतर तर रस्ता अक्षरशः घाटासारखा वळतो, आणि एका वळणावर खाली दऱ्या, कुरणं, लाल-पिवळी झाडं असं सगळं एकदम उघडतं. तिथे गाडी बाजूला घेऊन मी दहा मिनिटं नुसती उभी राहिले. या राज्यात अकरा वर्षं राहून मला हा प्रदेश इथे आहे हेच माहीत नव्हतं.

गावाच्या मुख्य रस्त्यावर शिरताना दोन्ही बाजूंना प्रचंड हिरवे लोखंडी दरवाजे दिसतात. आधी मला ती वेस वाटली. ते पुराचे दरवाजे आहेत. गलीना नदीला पूर आला की हे दरवाजे लावून घेतात आणि बाजारपेठ कोरडी राहते. १९५१ साली बांध घालून ही सोय केली. ज्या नदीने गाव वसवलं, तिच्याच तोंडावर दार लावायची वेळ आली, हे पुढे दिवसभर डोक्यात राहिलं.

मेन स्ट्रीट नदीच्या वळणाबरोबर वळतो. त्यामुळे रस्त्याचं टोक कधीच दिसत नाही, पुढचं घर दिसतं आणि पाय चालत राहतात. दोन्ही बाजूंना दोन-तीन मजली विटांची घरं, खाली दुकान, वर उंच खिडक्या. बहुतेक बांधकाम एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचं. शहरातल्या सुमारे ८५ टक्के इमारती राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदणीत आहेत. वस्ती साडेतीन हजारांच्या आत. थर्मासमधला चहा घेऊन आम्ही एका बाकावर बसलो आणि तासभर तिथेच होतो. मॅडिसनवाली दारांच्या मुठी बघत होती, डॅव्हनपोर्टवाली विटांचे रंग. आम्ही तिघी बोलत असताना सीडर रॅपिड्सवाली अचानक म्हणाली, "अगं, ही सगळी घरं एवढी टिकली कशी? पाडली का नाहीत कुणी?"

दिवसभराचा प्रश्न तिथे मिळाला.

गलीना हे शिशाच्या खनिजाचं नाव. या टेकड्यांत शिसं होतं, आणि १८२० च्या दशकात इथे खाणवाल्यांची झुंबड उडाली. १८४५ च्या सुमाराला देशातलं बहुतेक सगळं शिसं याच परिसरातून निघत होतं. ते नेण्यासाठी मिसिसिपीतून आगबोटी गलीना नदीत शिरून थेट गावाच्या धक्क्याला लागत. सेंट लुईसच्या उत्तरेला नदीवरचं हेच सगळ्यात गजबजलेलं बंदर होतं. मग एकामागोमाग एक सगळं फिरलं. वरवरचं शिसं उपसून झालं. १८४९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सोन्यामागे खाणकामगार निघून गेले. १८५४ मध्ये रेल्वे आली, पण ती लगेच पुढे मिसिसिपीपर्यंत गेली आणि व्यापार तिच्यामागे गेला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शिसं वितळवायला टेकड्यांवरची झाडं तोडली होती, ती माती पावसाबरोबर नदीत उतरली. नदी गाळाने भरली. आज ती इतकी अरुंद आहे की तिच्यातून आगबोट जात होती यावर विश्वास बसत नाही.

पैसा गेला, म्हणून जुनं पाडून नवं बांधायला कुणाकडे काही उरलं नाही. घरं तशीच उभी राहिली. डिसोटो हाउस हे १८५५ मध्ये उघडलेलं हॉटेल अजून चालू आहे. त्याच्या सज्जातून १८५६ साली लिंकनने भाषण केलं होतं. ते मूळ पाच मजली होतं. गाव उतरणीला लागल्यावर वरचे दोन मजले उतरवले. आम्ही समोरच्या पदपथावरून ते नसलेले दोन मजले कुठवर गेले असतील ते हाताने मोजत होतो.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते ग्रीन स्ट्रीटवरचं पोस्ट ऑफिस. १८५७ ते १८५९ या काळात दगडात बांधलेलं, मूळ पोस्ट आणि जकातघर. आज जकात नाही, पण पोस्ट त्याच इमारतीत चालू आहे. हे बांधकाम ज्याच्या देखरेखीखाली झालं तो एली पार्कर हा सेनेका या मूलनिवासी जमातीचा. त्याने कायद्याचा अभ्यास केला होता, पण मूलनिवासी अमेरिकेचे नागरिक मानले जात नसल्यामुळे त्याला वकिली करू दिली नाही. मग तो अभियंता झाला आणि सरकारी कामावर इथे आला. इथेच त्याची ओळख झाली ती पुढे सेनापती आणि राष्ट्राध्यक्ष झालेल्या युलिसिस ग्रँटशी. ग्रँट तेव्हा अडतीस वर्षांचा होता. सैन्यातली नोकरी सोडलेली, शेती फसलेली आणि वडिलांच्या चामड्याच्या दुकानात धाकट्या भावांबरोबर काम. एक वर्षाने यादवी युद्ध पेटलं. ९ एप्रिल १८६५ ला व्हर्जिनियातल्या ॲपोमॅटॉक्सला दक्षिणेचा जनरल ली शरण आला तेव्हा समोर ग्रँट होता, आणि शरणागतीच्या अटींचा मसुदा सुवाच्य अक्षरात लिहून काढणारा त्याचा सहायक होता पार्कर. आम्ही चौघीही अभियंत्या. त्या दगडी पायऱ्यांवर उभं राहून आम्ही हे एकमेकींना वाचून दाखवत होतो. ज्याला देशाने नागरिक मानलं नाही, त्याने त्या देशाचं पोस्ट बांधलं आणि युद्ध संपवणारा कागदही लिहिला. मॅडिसनवाली बराच वेळ दगडावर हात ठेवून उभी होती.

जेवायला पूल ओलांडून पलीकडे ग्रँट पार्कात गेलो. थालीपीठं, लोणी, दहीभात, लसणाची चटणी. डॅव्हनपोर्टवालीने तिळाच्या वड्या आणल्या होत्या, त्या हॉस्टेलवर तिची आई पाठवायची तशाच. बागेत ग्रँटचा पुतळा आहे, १८९१ चा. त्याच्यावर ना सेनापती लिहिलंय, ना राष्ट्राध्यक्ष. "ग्रँट, आमचा नागरिक" एवढंच. तो घोड्यावर नाही. साध्या कपड्यांत, खिशात हात घालून उभा आहे.

तिथून चढावर त्याचं घर. १८६५ च्या ऑगस्टमध्ये तो युद्धावरून परत आला तेव्हा गावातल्या लोकांनी हे सजवलेलं घर त्याला भेट दिलं. दुमजली, विटांचं, रुंद पागोळ्यांचं घर. आतलं बरंच सामान त्याच्याच कुटुंबाचं आहे. १९०४ मध्ये मुलांनी ते शहराला दिलं, आता राज्याकडे आहे. जेवणघरातलं टेबल मांडून ठेवलेलं आहे आणि मला ते बघताना वाटलं की हा माणूस इथे फार थोडा राहिला, लगेच वॉशिंग्टनला गेला. पण पाच वर्षांपूर्वी ज्याला दुकानात सामान मोजताना पाहिलं, त्याच्यासाठी शेजाऱ्यांनी ताटंवाट्या लावून ठेवल्या होत्या.

शेवटी पायऱ्या चढून वरच्या आळीला गेलो. गाव मजल्यामजल्यांनी चढत जातं, एका घराचं छप्पर दुसऱ्या घराच्या अंगणाला लागतं. वरून सगळी शिखरं, चर्चचे मनोरे, विटांच्या भिंती आणि मधून नदीची बारीक रेघ. ऊन उतरलं तसं विटांचा रंग गडद होत गेला. आम्ही कुणीच काही बोललो नाही. मग सीडर रॅपिड्सवाली म्हणाली, आता निघायला हवं, आणि तरी अर्धा तास कुणी उठलं नाही.

फोटो सवडीने टाकते.


पावशेर
१४ ऑक्टोबर, रात्री १०:०५

वा! डबा घेऊन गेलात हे फार आवडलं. शाकाहारी माणसाला तिथे बाहेर काय मिळतं? आणि गाडी कुठे लावली? ऑक्टोबरमध्ये तिथे तुडुंब गर्दी असते असं ऐकून आहे.


सायसाखर
१४ ऑक्टोबर, रात्री १०:३१

पावशेर, मेन स्ट्रीटवर जागा मिळणं कठीणच. आम्ही नदीपलीकडे जुन्या रेल्वे स्टेशनाजवळ लावली आणि पुलावरून चालत आलो. पाच मिनिटं. स्टेशनाची इमारत १८५७ ची आहे, ती आपसूक बघून होते. शाकाहारी म्हणाल तर सूप, पास्ता, पिझ्झा, पॉपकॉर्न आणि भरपूर गोड. डबा नेलेला बरा. ग्रँट पार्कात ऑक्टोबरमध्ये मोठी जत्रा भरते, त्या दिवसांत शांतता हवी असेल तर जाऊ नका.


भूस्तर
१५ ऑक्टोबर, सकाळी ७:४८

लेख मनापासून आवडला. एलिझाबेथनंतरच्या ज्या वळणावर तुम्ही थांबलात तिथली गोष्ट भूगर्भाच्या बाजूने सांगतो, कारण गावाचं सगळं नशीब त्यातच आहे.

मध्यपश्चिमेचा बहुतेक भाग हिमयुगात बर्फाच्या जाड थराखाली गेला. बर्फाने टेकड्या खरवडल्या, दऱ्या गाळाने भरल्या, म्हणून तुमचं परातीसारखं इलिनॉय. पण इलिनॉयचा हा वायव्य कोपरा, विस्कॉन्सिनचा नैर्ऋत्य भाग आणि मिनेसोटा-आयोवाचा लागून असलेला तुकडा मिळून जो प्रदेश होतो, त्याचा गाभा बर्फाखाली आलाच नाही. बर्फ आजूबाजूने गेला. इथल्या भाषेत याला ड्रिफ्टलेस म्हणतात. ड्रिफ्ट म्हणजे बर्फाने वाहून आणून टाकलेली माती-गोटे. ते इथे नाहीत. इलिनॉयमधली सगळ्यात उंच नैसर्गिक जागा, चार्ल्स माउंड, १,२३५ फूट, इथून जवळच आहे. सिंहगड चढणाऱ्याला हे हसण्यावारी वाटेल, पण सपाट प्रदेशात शंभर-दीडशे फुटांचा चढही किती मोठा असतो ते तुम्ही त्या वळणावर पाहिलंच.

आता शिसं. इथला खडक डोलोमाइट, म्हणजे चुनखडीसारखाच, सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात साचलेला. त्याला पुढे उभ्या भेगा पडल्या. फार खोलवरून आलेलं गरम खारं पाणी त्या भेगांतून वाहिलं आणि जाता जाता शिसं आणि जस्त सोडून गेलं. बर्फाने वरचा थर खरवडला नाही म्हणून हे खनिज जमिनीलगत राहिलं. पूर्वी लोकांना कुदळीने काढता आलं ते त्यामुळे. गलीनाचा तुकडा मिळाला तर हातात घेऊन बघा. चकचकीत राखाडी, फोडला की छोटे छोटे चौकोनी ठोकळे पडतात, आणि आकाराच्या मानाने हात खाली जावा इतका जड. आपल्याकडे सुरमा म्हणून डोळ्यांत घालत त्यात पुष्कळदा हेच असे. (शिसं विषारी आहे. हाताळलं तर हात धुवा आणि मुलांच्या हातात देऊ नका.)

नदी भरली त्यालाही खडकाएवढंच मातीचं कारण आहे. हिमयुगात वाऱ्याने उडवून आणलेली पिठासारखी बारीक माती या टेकड्यांवर बसली होती. झाडांच्या मुळांनी ती धरून ठेवली होती. झाडं गेली आणि नांगर चढला, तसं ते पीठ सरळ नदीत गेलं.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हा प्रदेश ओळखीचा वाटतो, कारण दोन्हीकडे आडवे थर आणि त्यांच्या पायऱ्या. आपले थर लाव्ह्याचे, ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचे. इथले समुद्राचे, त्याच्या सहा-सात पट जुने.


आजोळ
१५ ऑक्टोबर, दुपारी १२:२०

माझी आई साताऱ्याहून आलीये, सहा महिने आहे. वय ७४, गुडघे दुखतात. मॉल आणि मंदिर सोडून तिला कुठे नेता आलेलं नाही आणि ती दिवसभर खिडकीशी बसून असते, ते बघवत नाही. हे गाव तिला झेपेल का? पायऱ्यांचं वाचून जरा धास्तावलोय.


सायसाखर
१५ ऑक्टोबर, दुपारी १२:५८

आजोळ, नक्की न्या. मेन स्ट्रीट सपाटच म्हणायला हवा, आणि मध्ये मध्ये बाकं आहेत. पायऱ्या आहेत त्या वरच्या आळ्यांकडे जायच्या. तिथे गाडीनेही जाता येतं, म्हणजे वरून गाव दिसेलच. ग्रँटच्या घराशी गाडी जाते. ग्रँट पार्क नदीच्या काठावर आहे, तिथे आई दोन तास आरामात बसतील. काकूंना कशाची आवड आहे? भांडीकुंडी, जुनी घरं, बाग?


आजोळ
१५ ऑक्टोबर, दुपारी १:१५

ती पोस्टात होती. तीस वर्षं. तुमचं पोस्ट ऑफिस वाचूनच हात वर केला मी.


अनुस्वार
१५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४०

लेख सुंदर, अभिनंदन. थोडं अवांतर, पण आपल्या मातीशी जोडलेलं. राष्ट्राध्यक्षपद १८७७ मध्ये संपल्यावर ग्रँट बायकोसह जगाच्या प्रवासाला निघाला. फेब्रुवारी १८७९ मध्ये तो मुंबईत उतरला. तेव्हा मुंबईचे गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल होते. त्यांचा पाहुणा म्हणून मलबार पॉइंटच्या सरकारी बंगल्यात राहिला. म्हणजे आज राज्यपालांचं निवासस्थान आहे तीच जागा, समुद्रात घुसलेलं ते टोक. तिथून रेल्वेने उत्तरेकडे आग्रा, दिल्ली करत कलकत्त्याला गेला आणि पुढे चीन-जपान. त्याच वर्षाच्या शेवटी परतला तो याच गलीनाच्या घरात.

वाळकेश्वरला लहानपण गेलं माझं. त्या टोकाकडे बघताना ब्रिटिश लाटसाहेबच डोळ्यांपुढे येत. आता हा चामड्याच्या दुकानातला माणूसही येईल.


कोयनाकाठ
१५ ऑक्टोबर, रात्री ८:२२

लेखाची भाषा चांगली आहे आणि पार्करबद्दल लिहिलंत ते महत्त्वाचं. पण एक गोष्ट राहिली आणि ती राहू नये असं वाटतं. "१८२० च्या दशकात खाणवाल्यांची झुंबड उडाली" इथून गोष्ट सुरू केली की वाटतं टेकड्या रिकाम्या होत्या. हे शिसं त्याच्या कितीतरी आधीपासून मेस्क्वाकी आणि सॉक हे मूलनिवासी लोक काढत होते. मेस्क्वाकींमध्ये खाणीचं काम मुख्यतः बायका करत. १७८८ मध्ये ज्युलियन ड्युब्यूकने त्यांच्या परवानगीने खाणी चालवल्या, शेजारच्या शहराला त्याचं नाव आहे. पुढे करारांवर करार होऊन जमीन गेली. १८३२ मध्ये सॉक नेता ब्लॅक हॉक आपल्या लोकांना घेऊन मिसिसिपी ओलांडून परत आला, आणि त्यांतल्या बहुतेकांचा शेवट मिसिसिपीच्या काठावर झाला. तुम्ही जिथून गेलात त्या एलिझाबेथला ॲपल रिव्हर किल्ल्यावर लढाई झाली होती.

आमचं मूळ गाव कोयनेच्या शिवसागरात गेलं. आजोबा मरेपर्यंत पाण्याकडे बोट दाखवून "आपलं घर तिथं" म्हणायचे. टिकलेल्या घरांबद्दल वाचताना ज्यांची राहिली नाहीत त्यांची आठवण येतेच. तुमच्यावर राग नाही.


सायसाखर
१५ ऑक्टोबर, रात्री ९:५०

कोयनाकाठ, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे आणि मी ते लिहायला हवं होतं. मला पार्करची गोष्ट भिडली ती तो मूलनिवासी होता म्हणून, आणि तरी ज्या जमिनीवर उभं राहून वाचत होते तिचे आधीचे लोक कोण हे मी विचारलंच नाही. बायका खाणी चालवत हे तर मला अजिबात माहीत नव्हतं. आमच्या चौघींच्या ग्रुपवर तुमचा प्रतिसाद टाकला आहे. पुढच्या खेपेला एलिझाबेथला थांबायचं असं ठरतंय. आजोबांच्या गावाचं नाव सांगाल का?


कोयनाकाठ
१५ ऑक्टोबर, रात्री १०:०४

व्यक्तिगत निरोप केला आहे. धन्यवाद.


विस्कॉन्सिनकर
१६ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

गलीनाला गेलात तर उत्तरेला साधारण तासाभरावरचं मिनरल पॉइंटही जोडा, पण त्याच दिवशी नको. तेही शिशाचंच गाव. १८३० च्या दशकात इंग्लंडच्या कॉर्नवॉलहून खाणकामगार इथे आले. त्यांनी बांधलेली दगडी बैठी घरं पेंडार्व्हिस म्हणून जतन केली आहेत. १९३५ पासून रॉबर्ट नील आणि एडगर हेलम या दोघांनी मोडकळीला आलेली ती घरं एकेक करून विकत घेऊन उभी केली. सुरुवातीच्या खाणवाल्यांना घर बांधायला वेळ नव्हता, ते टेकडीत बिळं खणून राहत. बिज्जूसारखे, म्हणजे बॅजरसारखे. म्हणून विस्कॉन्सिनला बॅजर स्टेट म्हणतात.

तिथे पेस्टी मिळते. जाड पारीची मोठी करंजी समजा, आत मांस, बटाटा, कांदा आणि सलगमासारखा एक कंद. खाणीत न्यायला सोपी, हातात धरून खाता येते. काही ठिकाणी भाज्यांचीही करतात. माझी बायको मुरड घालते तशीच मुरड त्या पेस्टीला बघून तिथल्या बाईंशी अर्धा तास बोलत बसली होती.


चारोळी
१६ ऑक्टोबर, दुपारी २:३६

लहान मुलं असतील तर अर्ध्या तासावर ड्युब्यूक आहे. तिथे टेकडीवर चढणारी दोरीची छोटी रेल्वे आहे, १८८२ पासूनची. एका सावकाराचं घर वर आणि पेढी खाली, घरी जेवायला जायला बग्गीने वेळ फार जाई म्हणून त्याने ती बांधली. वरून तिन्ही राज्यं दिसतात. लेख वाचनखुणांत टाकला आहे, पुढच्या लेखनाला शुभेच्छा.


आजोळ
६ नोव्हेंबर, रात्री ८:१५

धागा वर आणतोय. आईला घेऊन जाऊन आलो.

झाडांची पानं बरीच गळून गेली होती, गर्दीही नव्हती. पुराचे दरवाजे बघून आई म्हणाली, कृष्णेला असे कुणी लावले असते तर. मेन स्ट्रीट तिने सगळा चालला, तीनदा बसून. ग्रँटच्या घरात ती स्वयंपाकघरातून हलेना. चूल, पिठाचा डबा, इस्त्र्या, सगळं नीट बघितलं.

पोस्टात गेलो तेव्हा काउंटरवर एक बाई होत्या. आईने मला मध्ये बोलू दिलं नाही. तिच्या इंग्रजीत तिने सांगितलं की मीही पोस्टात होते, तीस वर्षं. त्या बाई काउंटरच्या मागून बाहेर आल्या. दोघी टपालाचे शिक्के, वजनकाटा, मनीऑर्डर याबद्दल बोलत होत्या. किती शब्द एकमेकींना कळले मला माहीत नाही, पण मागे रांग लागली आणि कुणी घाई केली नाही. मग आईने गावाच्या चित्राची चार कार्डं घेतली. परदेशी टपालाचं तिकीट गोल असतं, ते तिला फार आवडलं, एक जादा घेतलं. शिक्का नीट तिकिटावर उमटला पाहिजे, पुसट नको, असं त्यांना बजावून सांगितलं. त्यांनी तिच्यासमोर हाताने शिक्का मारला.

बाहेर पायऱ्यांवर बसून तिने मला पार्करची गोष्ट पुन्हा वाचायला लावली.


सायसाखर
६ नोव्हेंबर, रात्री ८:४०

वाचून डोळे भरून आले. काकूंना माझा नमस्कार सांगा. कार्डं कुणाकुणाला पाठवली?


आजोळ
६ नोव्हेंबर, रात्री ८:५२

एक मावशीला, एक शेजारच्या वहिनींना, एक तिच्या जुन्या पोस्टमास्तरांना. चौथं आमच्याच साताऱ्याच्या घराच्या पत्त्यावर, स्वतःच्या नावाने. घराला कुलूप आहे, पण पोस्टमन ओळखीचा आहे म्हणते, दाराच्या फटीतून आत टाकेल.